अकरा तासांचं वेळापत्रक आणि अर्धं सोडलेलं वाक्य

माझी पीएचडीची एक विद्यार्थिनी वेळापत्रक घेऊन आली तेव्हा मला आधी दिसले ते रंग. वाचन हिरव्यात, लेखन निळ्यात, नोट्स पिवळ्यात आणि गुलाबी चौकोनात नुसतं 'विचार'. पहाटे साडेपाचला सुरुवात, रात्री साडेदहाला शेवट. बेरीज केली तर अभ्यासाचे अकरा तास निघाले. शिकवायला जायचे तीन दिवस होते, त्यातसुद्धा सात.

"हे कितवं?" मी विचारलं.

"चौथं, मॅडम," ती म्हणाली, आणि मग जरा ओशाळून, "पण हे नीट विचार करून केलंय."

विषय समाजशास्त्र, पीएचडीचं चौथं वर्ष. ३८ मुलाखती घेऊन, उतरवून, कोडिंग (म्हणजे उताऱ्यांना विषयवार खुणा) करून झालेल्या. पहिली तीन प्रकरणं लिहून झालेली. अडलं होतं चौथं, म्हणजे विश्लेषणाचं. तोवर इतरांनी काय म्हटलंय ते सांगत गेलं तरी भागतं. चौथ्यात आपलं म्हणणं मांडावं लागतं. पाच महिन्यांत या प्रकरणाचे १,१०० शब्द झाले होते आणि त्यातला पहिला परिच्छेद तिने इतक्या वेळा फिरवला होता की तो तिला पाठ झाला होता. (हे सगळं तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगी आळशी अजिबात नव्हती. आळशी माणूस चार-चार वेळापत्रकं करत नाही.

इथे माझा एक गुन्हा कबूल करायला हवा. दुसऱ्या वेळापत्रकाच्या वेळी मीच तिला पहाटे पाचला उठायला सांगितलं होतं. मी स्वतः पहाटेची. माझं सगळं बरं लिखाण सूर्य उगवायच्या आत झालेलं, त्यामुळे जगात दुसरी कुठली वेळ लिहिण्याची असू शकते हे मला मनापासून पटतच नाही. ती मात्र रात्री साडेबाराच्या आत झोपणारी नव्हती. घरी आजारी वडील, त्यांची शेवटची औषधं अकराला. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप हवी, हे झोपेचा अभ्यास करणारे कानीकपाळी ओरडून सांगतात, आणि मी तिला साडेचार तासांवर आणून ठेवलं. तीन आठवडे तिने ते इमानेइतबारे केलं. त्या दिवसांतली तिची एक नोंद नंतर माझ्या हाती आली: '६.१० – एकच ओळ चौथ्यांदा वाचतेय.' उजाडल्यावर डोकं चालत नाही म्हणून ती दुपारी झोपायची, दुपारी झोपली म्हणून रात्री जागायची, आणि दोष स्वतःच्या इच्छाशक्तीला द्यायची. दोष माझ्या सल्ल्याचा होता.

म्हणून या वेळी मी काहीच सुचवलं नाही. रंगीत कागद बाजूला ठेवला आणि तिला एक साधी वही घ्यायला सांगितली. दोन आठवडे काहीही बदलायचं नाही. दर अर्ध्या तासाने आपण आत्ता खरोखर काय करतोय ते एका ओळीत लिहायचं. काय करायचं होतं ते नको.

त्या वहीतली एक मंगळवार सकाळ जशीच्या तशी:

'९.१५ बसले. मेल. ९.४० आधी कुठला भाग घ्यावा? स्थलांतर की मदत? १०.२० अजून ठरत नाही, म्हणून तीन पेपर डाउनलोड केले. एकाचा गोषवारा वाचला. ११.०५ फाइल उघडली. पहिला परिच्छेद वाचला. "तथापि" काढून "मात्र" केलं. ११.३० रेफरन्स एकसारखे करत बसले. १२.१० जेवण. सकाळ गेली.'

नमनालाच घडाभर तेल म्हणतात ते हेच. सकाळ संपली तेव्हा नाटक सुरूही झालं नव्हतं.

कामाचे बारा दिवस नोंदवले गेले. बेरीज तिनेच केली, मी फक्त खाणे पाडून दिले. टेबलाशी एकूण ७४ तास. त्यातले २१ तास तयारीचे: डाउनलोड, रेफरन्स, फायलींची नावं बदलणं. १९ तास वाचन. ११ तास मेल आणि फोन. ९ तास 'काय करायचं ते ठरवणं'. साडेसात तास जुने परिच्छेद घासूनपुसून घेण्यात. उरलेले साडेसहा तास नवं लेखन.

आकडे बघून ती गप्प झाली. मला मात्र त्या नऊ तासांनी धरून ठेवलं. बारा दिवसांत नऊ तास म्हणजे रोजची पाऊण तासाची पंचाईत, आणि तीही दिवसाच्या सगळ्यात ताज्या पाऊण तासात. शिवाय तयारीचे २१ तास बहुतेक वेळा या पंचाइतीनंतर लगेच येत होते. ठरेना की डाउनलोड. ठरेना की रेफरन्स. जे काम चुकणं शक्य नाही अशा कामात माणूस दडी मारतो, मीही मारते.

पण प्रकरणाची किल्ली तिला सापडली, मला नाही. साडेसहापैकी चार तास फक्त दोन दिवसांत पडले होते. ती वही चाळत म्हणाली, "मॅडम, या गुरुवारी मी ठरवायला बसलेच नाही."

बुधवारी रात्री साडेअकराला लिहिता लिहिता तिचा लॅपटॉप बंद पडला होता. चार्जर दुसऱ्या खोलीत, वडील झोपलेले, म्हणून ती तशीच उठली. सकाळी फाइल उघडली तर शेवटची ओळ अशी: 'मुलाखत क्रमांक १७ मधली बाई "मदत" हा शब्द वापरते तेव्हा तिला'. इथेच तुटलेली. ती वाक्य पुरं करायला बसली आणि सव्वादोन तासांनी उठली. दुसऱ्या चांगल्या दिवसाचंही तेच. आदल्या रात्री एका मैत्रिणीशी फोनवर बोलताना तिला एक मुद्दा उलगडला होता आणि तिने तो तीन ओळींत चिठ्ठीवर उतरवून लॅपटॉपवर चिकटवला होता.

म्हणजे तिच्याकडे वेळ होता, बैठकही होती. नव्हतं ते आत शिरायचं दार. अकरा तासांच्या त्या वेळापत्रकात प्रत्येक निळा चौकोन 'लेखन' म्हणत होता आणि एकही चौकोन 'काय' ते सांगत नव्हता. रोज सकाळी तिला प्रबंध पहिल्यापासून डोक्यात उभा करावा लागत होता.

इथे एक शंका रास्त आहे आणि तिने ती काढलीच. अर्धवट सोडलेलं काम डोक्यात घोळत राहतं, झोप लागू देत नाही. मग मुद्दाम अर्धवट सोडायचं म्हणजे रात्र नासवून घ्यायची का? सोफी लरॉय यांच्या २००९ च्या अभ्यासात हेच दिसतं: एका कामातून दुसऱ्याकडे वळलो तरी लक्षाचा काही अंश मागच्या कामात अडकून राहतो आणि पुढच्या कामाला तेवढा कमी पडतो. पण मासिकाम्पो आणि बाउमायस्टर यांनी २०११ मध्ये याला जोडणारी गोष्ट दाखवली. अपुऱ्या कामाचं पुढे काय, कसं करायचं याचा नेमका बेत लोकांनी आखला की ते काम तितकं मध्ये मध्ये डोकावत नाही. काम पुरं झालेलं नसतं, तरी मन ते खाली ठेवायला तयार होतं. तेव्हा वाक्य अर्धं सोडायचं, पण त्याच्यापुढचं पाऊल कागदावर उतरवून. नुसतं अर्धं सोडणं म्हणजे खरंच रात्र नासवणं.

मग आम्ही दिवस संध्याकाळपासून बांधायला घेतला. सात वाजता पंधरा मिनिटं 'उद्याची चिठ्ठी'. बाकी सगळं तिच्यामागून.

चिठ्ठी लिहायला शिकायलाच आठवडा गेला. पहिली चिठ्ठी होती: 'चौथं प्रकरण – पुढचा भाग.' मी म्हटलं, हे काम नाही, मथळा आहे. दुसरी: 'मदत या संकल्पनेवर विचार करणे.' विचार करणे हे काम कधी झालं ते कळतं का? शेवटी नियम केला की चिठ्ठीतली पहिली गोष्ट हाताने करण्याजोगी हवी आणि पाच मिनिटांत उरकणारी हवी. त्यानंतरची एक चिठ्ठी माझ्याकडे आहे: 'मु. २३, पान ६ वरचा उतारा १७ च्या खाली चिकटव. दोघींच्या "मदत"मध्ये फरक काय, तीन ओळी. १७ परतफेड धरते, २३ धरत नाही??' ती दोन प्रश्नचिन्हं मला फार आवडली. दुसऱ्या दिवशीचं सगळं लिखाण त्या प्रश्नचिन्हांतून निघालं.

सकाळी दोन बैठका: सव्वानऊ ते साडेदहा, आणि वीस मिनिटं उठून, दहा पन्नास ते बारा पाच. शिकवायचा दिवस असेल तर फक्त पहिली. या वेळात मेल बंद, फोन दुसऱ्या खोलीत, आणि मुख्य म्हणजे रेफरन्सला हात लावायचा नाही. जिथे हवा तिथे कंसात 'रेफ' लिहून पुढे जायचं. रेफरन्स, तक्ते, मेल हे सगळं दुपारी, जेव्हा डोकं तसंही जड असतं. सातला चिठ्ठी आणि दुकान बंद.

"एवढंच?" ती म्हणाली. अडीच तास ऐकून तिचा चेहरा पडला होता. अकरा तासांचा कागद निदान अंगावर भारदस्त तरी वाटायचा.

मी तिला १९९३ चा एरिक्सन आणि सहकाऱ्यांचा व्हायोलिनवादकांचा अभ्यास सांगितला. बर्लिनच्या संगीत अकादमीतले उत्तम वादकसुद्धा एकट्याने करायचा कसून सराव दिवसाला सरासरी साधारण साडेतीन-चार तासच करत होते, तोही तुकड्यातुकड्यांत, मध्ये विश्रांती घेऊन. व्हायोलिन आणि प्रबंध एक नव्हेत हे मान्य. पण पूर्ण ताण देऊन दिवसाला अकरा तास कोणी विचार करत असेल यावर माझा तरी विश्वास नाही.

तिला ते पटलं, निदान तिने तसं सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्या पाहताना अक्षर वेडंवाकडं दिसलं. विचारल्यावर कळलं की बाई रात्री जेवणानंतर चोरून आणखी दोन तास बसत होती आणि चिठ्ठी साडेअकराला, डुलक्या घेत लिहीत होती. बारा पाचला बैठक संपली की तिला अपराधी वाटायचं. दिवस अजून पुढे पडलाय आणि आपण मोकळ्या, हे सोसायचं नाही. आणि रात्रीच्या चोरीने सकाळची पहिली बैठक पार कोसळत होती. वहीत ते स्वच्छ दिसत होतं. मी रागावले नाही. फक्त म्हटलं, रात्री बसायचं तर बस, पण त्याची नोंद कर आणि दुसऱ्या दिवशीचे शब्द त्याच्यासमोर लिही. चार दिवसांत तिने ते आपणहून सोडलं. आकड्यांपुढे अपराधीपणाही फार वेळ टिकत नाही.

काही गोष्टी जमल्याच नाहीत. २५ मिनिटांची पोमोडोरो पद्धत, म्हणजे फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस काढलेली घड्याळाची युक्ती, तिने हौसेने करून पाहिली. रेफरन्स लावायला उत्तम. विश्लेषण लिहिताना मात्र मुद्दा हाताशी येतोय तेवढ्यात घंटी वाजायची आणि बैठक मोडायची. चार ते साडेपाच वाचनाची वेळ ठेवली होती. ती विद्यार्थ्यांच्या शंकांनी रोज खाल्ली. शेवटी आठवड्यातून तीनच दिवस वाचन ठेवलं, आणि तेही हातात प्रश्न असेल तरच.

वेळेच्या अंदाजाबद्दल एक गंमत झाली. "प्रकरण कधीपर्यंत?" असं विचारलं तर ती म्हणाली, "सहा आठवडे." मी म्हटलं, तिसऱ्याला किती लागले होते? "दोनेक महिने." फायलींच्या तारखा काढून पाहिल्या तर चौदा आठवडे. ती एकटी अशी नाही. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी १९९४ मध्ये प्रबंध लिहिणाऱ्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हेच विचारलं होतं. त्यांचा सरासरी अंदाज होता सुमारे ३४ दिवसांचा. सगळं बिनसलं तर किती लागतील, असं विचारल्यावर सुमारे ४९. प्रत्यक्षात लागले ५५ हून जास्त. सगळं बिनसेल असं धरून केलेला हिशेबही तोकडाच पडला! म्हणून आम्ही अंदाज तिच्या मनाला न विचारता फायलींच्या तारखांना विचारला आणि चौदा आठवडे धरले.

सहाव्या आठवड्यात वडिलांना दवाखान्यात ठेवावं लागलं. नऊ दिवस वही उघडली गेली नाही. परत आली ती नवा कोरा कागद घेऊनच. रंगीत पेनंही होती. पाचवं वेळापत्रक! पहिले पाढे पंचावन्न, असं मला वाटून गेलं.

मी तिला वही उघडायला लावली. दवाखान्यात जायच्या आदल्या संध्याकाळची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती: '९ आणि ३० ला एकत्र टाक. शेजारी विरुद्ध नातेवाईक. आधी ३० चं शेवटचं पान वाच.' म्हटलं, नवं काही मांडू नकोस, उद्या फक्त वीस मिनिटं बस आणि ३० चं शेवटचं पान वाच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या सवयींवरच्या अभ्यासात (२०१०) सवय अंगवळणी पडायला, सगळ्यांना क्रमाने लावलं तर, मधल्या माणसाला ६६ दिवस लागले होते, आणि माणसामाणसातला फरक १८ ते २५४ दिवस इतका होता. त्यातली माझ्या कामाची गोष्ट वेगळीच आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नव्हता. नऊ दिवस म्हणजे एखादा दिवस नव्हे, हे मला कळतं. पण सगळं मोडलं असं समजून पुन्हा पायापासून बांधायला घेणं हाच तिचा जुना रोग होता, आणि आधीची तिन्ही वेळापत्रकं अशाच एका खाड्यानंतर मेली होती. तिसऱ्या दिवशी ती दोन्ही बैठकांवर परतली.

आता यातलं नेमकं काय लागू पडलं? प्रामाणिकपणे सांगायचं तर वेगवेगळं करून सांगता येत नाही, कारण याच काळात आणखी एक गोष्ट बदलली आणि ती माझ्या बाजूने. आधीच्या पाच महिन्यांत मी तिला दर भेटीत एकच प्रश्न विचारत आले होते: "किती झालं?" याला उत्तर शब्दसंख्येचंच असतं, आणि शब्द नसले की उत्तर म्हणजे लाज. वही पाहिल्यावर मी तो प्रश्न बंद केला. दर शुक्रवारी तिने एक पान मोठ्याने वाचून दाखवायचं, कच्चं असलं तरी, असं ठरलं. दोनदा असं झालं की वाचता वाचता तीच थांबली आणि म्हणाली, "हे मला म्हणायचंच नाहीये." चौथं प्रकरण अडण्यात थोडा हिस्सा भीतीचा होता, थोडा मुद्दाच न ठरल्याचा. वेळापत्रक कितीही चांगलं असलं तरी मुद्दा ठरवून देत नाही. पण रोज सकाळी त्याच्यासमोर नेऊन बसवतं.

हे सगळ्यांना असंच्या असं चालणार नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याचा दिवस यंत्र आणि नमुने ठरवतात; त्याला सव्वानऊची बैठक कुठली? माझा दुसरा एक विद्यार्थी रात्री दहाशिवाय लिहीतच नाही आणि त्याचं उत्तम चाललंय. त्याला मी आता पहाटेचा सल्ला देत नाही.

चौदा आठवड्यांचं प्रकरण सोळा आठवड्यांत झालं. फायलींच्या तारखाही थोड्या आशावादीच निघाल्या. ९,४०० शब्द. 'मदत' आणि 'परतफेड' यांच्यातला फरक आता प्रकरणाचा कणा झालाय, आणि जो पहिला परिच्छेद पाच महिने घासला गेला तो शेवटी पूर्ण काढून टाकला. मसुदा तिने छापून आणला होता. मी सवयीने शेवटचं पान आधी उघडलं. वाक्य पुरं होतं, पूर्णविरामासकट. खाली समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, बहुधा छापल्यावर, निघायच्या घाईत: 'उद्या: पाचव्याची फाइल उघड. मु. ३१, पान २ चिकटव. ही बाई मदत नाकारते – का??'